वितळणाऱ्या तारेची कथा

मोटारगाडीला प्रारंभी फ्यूजची गरजच नव्हती. तिचे दिवे ॲसिटिलीन वायूवर अगर रॉकेलवर जळत आणि इंजिन दांडा फिरवून सुरू करावे लागे. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला, दिवेही विजेचे झाले. बॅटरीपासून निघालेल्या तारा गाडीच्या अंगभर पसरल्या आणि त्यांच्याबरोबर आगीचे भयही शिरले. एखादी तार घासून उघडी पडली व लोखंडास टेकली, की प्रवाह बेफाम वाढतो आणि तिचे वेष्टण पेट घेते.

उपाय मात्र मोटारीहून जुना. आकाशातील विजेपासून तारयंत्राच्या कचेऱ्या वाचविण्यासाठी फ्रान्समधील लुई ब्रेगे यांनी १८४७ सालीच बारीक तारेची योजना सुचविली होती. १८८० साली एडिसन यांनी दिव्यांच्या संरक्षक तारेचे पेटंट घेतले. दुबळ्या तारेने आधी वितळावे, म्हणजे बाकीच्या तारा वाचतात.

मॉरिस मायनरमध्ये पस्तीस अँपियरच्या काचेच्या दोनच नळ्या असत, शेजारी दोन राखीव. हॉर्न एकीवर, वायपर दुसरीवर; समोरच्या मोठ्या दिव्यांना तर फ्यूजच नव्हता! नळी गेली की कित्येक चालक सिगारेटच्या पाकिटातील चांदीचा कागद गुंडाळून काम भागवीत. गाडी चाले खरी. पण पुढे जळण्याची पाळी आता तारांवरच येई.

१९७६ साली अमेरिकेतील लिटलफ्यूज कंपनीने दोन पात्यांचा प्लॅस्टिकचा फ्यूज काढला. फ्यूजची पेटी बहुतेक गाड्यांत चालकाच्या गुडघ्याजवळ, डॅशबोर्डाखाली आली. पारदर्शक अंगातून तुटलेली पट्टी सहज दिसते. तपकिरी साडेसात अँपियरचा, लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा वीसचा, हिरवा तीसचा. परंतु रंगावर विसंबणे धोक्याचे. चिनी मातीच्या जुन्या युरोपीय फ्यूजांत लाल सोळाचा आणि निळा पंचवीसचा असे. जुन्या गाडीच्या सवयीने निळा म्हणजे पंचवीस असे धरून पंचवीसची नवी पात जेथे पंधराची हवी तेथे बसविली, तर तार तापत राहील आणि फ्यूज शाबूत! म्हणून पातीच्या माथ्यावरील आकडाच वाचावा.

कोणते घर कशाचे, हे झाकणाच्या आतील नकाशावर छापलेले असते. फ्यूज उपटण्याचा चिमटाही पुष्कळदा तेथेच अडकविलेला असतो. झाकण हरविले, की दोन्ही जातात. मग इंजिन बंद करून एकेक पात उजेडात धरून पाहावी लागते.