दिनविशेष : २४ ऑक्टोबर
गायतोंडे गुगेनहाइममध्ये

२०१४ : न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन सुरू झाले. ते पाहायला गायतोंडे नव्हते. २००१ मध्येच ते गेले होते.

नागपुरात जन्मलेल्या, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेल्या या माणसाने आपल्या चित्रांना अमूर्त म्हणणे नाकारले. रोलरने रंगाचा थर द्यायचा, पॅलेट नाइफने खरवडायचा, वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे दाबून उचलायचे, पुन्हा थर द्यायचा. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी होत. त्यांच्यासमोर नुसते उभे राहावे. काही वेळाने कॅनव्हासच्या आतूनच उजेड पाझरू लागतो. छापील चित्रात तो अर्धाही उतरत नाही.

प्रदर्शनाच्या आदल्या वर्षी, डिसेंबरात मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींवर किंमत आली आणि तोच आकडा लोकांच्या तोंडी बसला. दिल्लीत निजामुद्दीनच्या छोट्या खोलीत एकांतात रंगवणाऱ्या गायतोंडेंची ओळख त्या आकड्याने व्हावी, हे मनाला लागते. न्यूयॉर्कच्या भिंतींवर त्यांची चित्रे मात्र एकमेकांशेजारी, सलग पाहता आली.