तोफ मोठी, गोळा महाग

युद्धनौकेवरील तोफेचें महत्त्व केवळ तिच्या पल्ल्यावरून ठरत नाहीं. ती किती गोळे टाकूं शकते, किती वेळ टाकूं शकते आणि त्याचा खर्च किती येतो, यांवरच अखेर तिची उपयुक्तता अवलंबून असते. हें तत्त्व जुनें आहे. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं जगांतील सर्वांत संपन्न आरमारासही त्याचा विसर पडला. 'झुमवाल्ट' या अमेरिकन विनाशिकेची हकीकत त्या दृष्टीनें मोठी बोधप्रद आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेनें 'आयोवा' वर्गाच्या चार प्रचंड युद्धनौका बांधल्या. प्रत्येकीवर १६ इंची अशा नऊ तोफा होत्या. त्यांचा चिलखत भेदणारा गोळा सुमारें १,२२५ किलो वजनाचा असे व तो ३८ किलोमीटर दूर जाऊन पडे. किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांस या तोफांचा मोठाच आधार वाटे. रात्र असो, ढग असोत, वा पाऊस असो, शत्रूच्या ठाण्यांवर त्या सारखा मारा करूं शकत. १९९१ सालीं इराकविरुद्धच्या युद्धांत 'मिसूरी' व 'विस्कॉन्सिन' या नौकांनीं आपल्या तोफा युद्धांत शेवटच्या डागल्या. १९९२ च्या मार्चमध्यें 'मिसूरी'ही निवृत्त झाली.

मागें उरल्या त्या विनाशिकांवरील ५ इंची तोफा. त्यांचा पल्ला सुमारें २४ किलोमीटर. म्हणजे किनाऱ्यावरील सैनिकांस साहाय्य करावयाचें, तर जहाजानें सुरुंगांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या तोंडीं जावयाचें! हा पेंच इतका खरा होता कीं, पुरेशी तोड निघेपर्यंत दोन जुन्या युद्धनौका आरमाराच्या नोंदींत कायम ठेवाव्या, असें अमेरिकन काँग्रेसनें १९९६ च्या कायद्यान्वयें फर्माविलें. त्या दोन नौकांचीं नांवें २००६ सालापर्यंत नोंदींतून निघालीं नाहींत.

या पेंचास उत्तर म्हणून नवी तोफ योजण्यांत आली. तिचा व्यास १५५ मिलिमीटर. नळी पाण्यानें थंड राखलेली. कोठारांतून गोळा उचलून तोफेंत भरण्यापर्यंत सर्व काम यंत्रांचें. मिनिटास दहा गोळे सुटावे, असा बेत. गोळाही साधा नव्हे. त्याच्या मागें अग्निबाणाची जोड आणि आंत उपग्रहांच्या संकेतांवरून मार्ग सुधारणारी यंत्रणा. त्यामुळें तो शंभराहून अधिक किलोमीटरांवर नेमक्या लक्ष्यावर पडेल, अशी अपेक्षा होती. आणि चांचण्यांत गोळ्यानें ती बऱ्याच अंशीं पुरीही केली. अशा दोन तोफा वाहण्यासाठीं सुमारें १५,००० टनांचें, रडारला सहसा न दिसणाऱ्या घडणीचें जहाज आंखण्यांत आलें. अशीं ३२ जहाजें बांधण्याचा मूळ संकल्प होता.

येथून हिशेब फिरला. जहाजाचा खर्च वाढत गेला, तसा ३२ चा आंकडा २४ वर, मग ७ वर आणि शेवटीं ३ वर आला. शत्रूच्या विमानांपासून व क्षेपणास्त्रांपासून बचाव करण्यास जुन्या धर्तीच्या विनाशिकाच अधिक उपयोगी, असें आरमाराचें मत २००८ सालीं झालें. जहाजें घटलीं, म्हणून तोफा घटल्या. तोफा घटल्या, म्हणून गोळ्यांची मागणी घटली. संशोधनाचा व कारखान्याचा सारा बोजा थोड्या गोळ्यांवर पडून एका गोळ्याची किंमत आठ लाख डॉलरांच्या घरांत गेली. जहाजावर सुमारें ६०० गोळे मावत. तें कोठार एकवार भरावयाचें म्हटलें, तर ४८ कोटी डॉलर लागणार! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते. शिवाय या किंमतींत थोडी भर घातली, कीं हजाराहून अधिक किलोमीटर जाणारें टॉमहॉक क्षेपणास्त्र मिळतें. मग तोफेचें विशेष तें काय उरलें?

'झुमवाल्ट' १५ ऑक्टोबर २०१६ रोजीं बाल्टिमोर येथें आरमारांत दाखल झाली. महिनाही उलटला नाहीं तोंच हे गोळे यापुढें खरेदी न करण्याचा आरमाराचा विचार प्रसिद्ध झाला. पायदळाचे नेहमींचे १५५ मिलिमीटरचे गोळे त्या तोफेस चालत नव्हते. तिची रचनाच एका विशिष्ट गोळ्याभोंवतीं झाली होती. अशा रीतीनें तोफा उत्तम असूनही मुक्या झाल्या. २०२३ सालीं 'झुमवाल्ट' मिसिसिपी राज्यांतील पॅस्कागूला येथें गोदींत गेली, आणि जेथें पुढील तोफ होती, तेथें अतिवेगवान् क्षेपणास्त्रांच्या रुंद नळ्या बसविण्यांत आल्या.

याच सुमारास दुसरी एक आशा बाळगण्यांत येत होती. 'रेलगन' या तोफेंत दारू नसते. दोन समांतर पट्ट्यांतून प्रचंड विद्युत्प्रवाह सोडून त्याच्या जोरावर गोळा फेंकला जातो. व्हर्जिनियांतील डाहलग्रेन येथें डिसेंबर २०१० मध्यें ३३ मेगाज्यूल शक्तीचा बार यशस्वी झाला. परंतु प्रत्येक बारानें नळीची झीज होते, आणि युद्धांत तर शेंकडों बार काढावे लागतात. अमेरिकन आरमारानें २०२१ सालीं हें काम थांबविलें. जपाननें मात्र तें चालू ठेवून ऑक्टोबर २०२३ मध्यें समुद्रावर जहाजावरून अशी तोफ डागून दाखविली.

यावरून जहाजावरील तोफेचे दिवस भरले, असें समजणें चुकीचें होईल. २०२४ च्या फेब्रुवारींत तांबड्या समुद्रांत जर्मनीच्या 'हेसेन' या फ्रिगेटनें चालून आलेल्या ड्रोनांपैकीं एक आपल्या ७६ मिलिमीटरच्या तोफेनें पाडलें. मार्चमध्यें इटलीच्या 'कायो डुइलियो' या विनाशिकेनेंही तेंच केलें. या तोफेचा गोळा लहान व पल्ला थोडा. पण कोठारांत गोळे मुबलक असतात आणि एक वाया गेला तर दुसरा लगेच हाताशीं असतो.

किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकाच्या दृष्टीनें विचार केला, तर शंभर किलोमीटरांवरून येणारा, परंतु न परवडणारा गोळा हा नसल्यासारखाच होय. त्याला हवी असलेली तोफ अमेरिकेनें बांधली. त्या तोफेला परवडेल असा गोळा मात्र तिला बनवितां आला नाहीं.