तोरण्याच्या वर हजार मीटर

वेल्ह्याच्या डोंगरातून माणसाला वाहून नेल्याची सर्वांत गाजलेली हकीगत मृताची आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह केळदजवळच्या मढे घाटाने कोकणात उमरठला उतरवला, असं मावळात आजही सांगतात. आजाऱ्यांच्या फेऱ्या मात्र कुणी टिपून ठेवल्या नाहीत. रीत ठरलेली: बांबूला घोंगडीची नाहीतर चादरीची झोळी बांधायची, एक पुढे, एक मागे, खांदेपालटाला आणखी दोघं-चौघं. तान्हं असेल तर थेट बापाच्या खांद्यावर. भोर-वेल्ह्याच्या आडबाजूच्या वस्त्यांवरून पावसाळ्यात ही झोळी अजूनही निघते.

माणसाला वाहून नेणारं दुसरं साधन म्हणजे विमान. याच मुलखातलं भोर संस्थान ८ मार्च १९४८ला भारतात विलीन झालं. तीनच महिन्यांनी, ८ जूनला, मुंबईहून एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला उडालं. ते आत हवेचा दाब राखणारं कॉन्स्टेलेशन विमान होतं. पण दाब राखायचा म्हणजे जमिनीवरचा नव्हे. विमान खूप वर गेलं की आत साधारण ८ हजार फुटांपर्यंतच्या उंचीवरची विरळ हवा असते. पुढे जेट आली, तरी ही मर्यादा तीच राहिली.

८ हजार फूट म्हणजे सुमारे २,४४० मीटर. वेल्ह्याजवळच्या तोरणा गडाची उंची १,४०३ मीटर, कळसूबाईची १,६४६. खिडकीशी पेंगणारं पोर तोरण्याच्याही हजार मीटर वर श्वास घेत असतं, जणू जमिनीवरच्या हवेतला प्राणवायू २१ टक्क्यांवरून १५वर आलाय. धडधाकटाला ते कळतही नाही. अपुऱ्या दिवसांचं, फुप्फुसं कच्ची राहिलेलं बाळ मात्र नाकातल्या ऑक्सिजनच्या नळीवर असेल, तर तिचा प्रवाह वाढवावा लागतो.

झोळी आजाऱ्यासाठीच बांधली जाते. विमान बांधलं गेलं ते धडधाकटांसाठी. आजारी प्रवाशाचा विचार फार उशिरा झाला. त्यात ऑक्सिजन म्हणजे आगीला निमंत्रण. ११ मे १९९६ला अमेरिकेत व्हॅल्यूजेटच्या विमानात, मालकक्षातल्या जुन्या ऑक्सिजन-जनित्रांनी आग भडकून ११० जण गेले. स्वतःचा सिलिंडर घेऊन चढायला बहुतेक कंपन्या नकार देतात, तो उगाच नव्हे. हवेतूनच प्राणवायू वेगळा करणारं छोटं कॉन्सन्ट्रेटर यंत्र प्रवासात वापरायला अमेरिकेने परवानगी दिली ती २००५ मध्ये. जमिनीवरही उशीरच: महाराष्ट्रात ‘१०८’ची, ऑक्सिजन असलेली रुग्णवाहिका आली २०१४ला.

ऑक्सिजनवर असलेल्या मुलाला पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून न्यायचं असेल, तर छतातून पडणाऱ्या मास्कवर विसंबू नका. त्यातला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. तिकिटाआधी डॉक्टरांकडून विरळ हवेची चाचणी करून घ्या, विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज भरा, आपलं यंत्र त्यांना चालतं का ते विचारा आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या ठेवा.