दुप्पट, पण कितीच्या दुप्पट?

आज एका शब्दाची गोष्ट ऐकू या. शब्द साधाच आहे : ‘दुप्पट’.

ऑक्टोबर १९९५. ब्रिटनमधल्या औषध सुरक्षितता समितीने जाहीर केलं, की संततिनियमनाच्या काही नव्या गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट आहे. अशी गुठळी फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांना पत्रं पाठवली होती. पण बऱ्याच जणांच्या हाती पत्र पडायच्या आत बातमी घरोघर पोहोचली. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडू नका, असंही समितीने सांगितलं होतं. पण ‘दुप्पट’ ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतंय? कितीतरी बायकांनी गोळ्या बंद केल्या.

आता हिशेब पाहा. जुनी गोळी घेणाऱ्या ७,००० बायकांमध्ये वर्षाला साधारण एकीला गुठळी व्हायची. नव्या गोळीने दोघींना. एकीच्या दोघी, म्हणजे दुप्पट हे खरंच. पण सात हजारांत एकच जास्त, हेही तेवढंच खरं. आकडा तोच, सांगायची रीत वेगळी. पहिल्या रीतीने छातीत धस्स होतं, दुसरीने माणूस विचार करतो.

आणखी एक गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. गरोदरपणात गुठळीचा धोका या दोन्ही गोळ्यांपेक्षा जास्त असतो. म्हणजे गोळी सोडून जिला दिवस गेले, ती आगीतून फुफाट्यात पडली. पुढच्या वर्षात इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे.

मग बायकांना सांगायलाच नको होतं का? सांगायलाच हवं होतं. शरीर आपलं, तर माहितीही आपल्याला पुरती मिळायला हवी. ते अभ्यास तेव्हा नवे होते, आणि या फरकाचं कारण गोळी की आणखी काही, यावर तज्ज्ञ पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले. ‘अजून नक्की ठरलेलं नाही’ हेसुद्धा बायकांना समजलं असतं. तेवढी समज आपल्याला असते.

म्हणून मैत्रिणींनो, औषध असो, लस असो की मोबाईलवर आलेला निरोप असो, ‘धोका दुप्पट’ म्हटलं की तीन प्रश्न विचारा. कितीजणींत किती? आधी किती होता? आणि हे सोडलं, तर दुसरा कोणता धोका वाढेल? डॉक्टरांसमोर हे विचारायला संकोच नको. तो आपला हक्कच आहे.