परस्परावलंबनाची कसोटी

चाळीच्या तळमजल्यावर एखाद्या बिऱ्हाडकरूनें आपल्या सोयीसाठीं नळाची जोडणी बदलावी आणि तिसऱ्या मजल्यावरचें पाणी बंद पडावें, हा प्रकार शहरांत राहणाऱ्यांस नवा नाहीं. तक्रार गेली म्हणजे तळमजल्यावरचा गृहस्थ आपला नळ उघडून दाखवितो, आणि तो खरोखरच उत्तम चालत असतो. दोष असतो तो दोन बिऱ्हाडांच्या मधल्या, कोणाच्याच मालकीच्या नसलेल्या जागेंत. संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्यें अशा मधल्या जागा असंख्य असतात. त्यांची राखण कोणी व कशी करावी, या प्रश्नानें लिनक्सचीं वितरणें चालविणाऱ्यांस तीस वर्षें सतावलें आहे.

लिनक्स हें नांव, काटेकोरपणें पाहतां, केवळ गाभ्याचें आहे. हा गाभा लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध केला. त्याभोंवतीं हजारों निरनिराळ्या लोकांनीं लिहिलेले प्रोग्राम गोळा करून, ते एकमेकांशीं जुळवून, एक सलग व्यवस्था म्हणून लोकांच्या हातीं देणें, या उद्योगास वितरण अथवा डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. डेबियन हें त्यांतील सर्वांत जुन्यांपैकीं एक. १६ ऑगस्ट १९९३ रोजीं इयन मर्डॉक या विद्यार्थ्यानें त्याची घोषणा केली, आणि डेब्रा या आपल्या मैत्रिणीचें व स्वतःचें नांव जोडून त्याचें बारसें केलें. या वितरणामागें कोणतीही कंपनी नव्हती. काम करणारे सारे स्वयंसेवक, देशोदेशीं विखुरलेले, आणि पुष्कळांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नव्हतें. पुढील सर्व इतिहासास ही गोष्ट कारण झाली.

या उद्योगाचें एकक म्हणजे पॅकेज. प्रत्येक पॅकेजबरोबर एक चिठ्ठी असते. आपणांस दुसरीं कोणतीं पॅकेजें लागतात, त्यांची निदान कोणती आवृत्ति लागते, आणि कोणाशीं आपलें मुळींच जमत नाहीं, हें तींत नमूद असतें. यासच संगणकवाले डिपेंडन्सी म्हणतात. मराठींत अवलंबन म्हणावें. या चिठ्ठ्या वाचून पॅकेज बसविणारा डीपीकेजी हा प्रोग्राम १९९४ सालीं आकारास आला, आणि इयन जॅक्सन या दुसऱ्या इयननें तो नव्यानें लिहून भक्कम केला. जून १९९६ मध्यें डेबियनची १.१ ही आवृत्ति निघाली तेव्हां तींत ४७४ पॅकेजें होतीं. एवढ्यांचीं नातीं चार जाणत्या माणसांच्या ध्यानांत राहूं शकतात. जुलै १९९८ मधील २.० या आवृत्तींत तीं दीड हजारांवर गेलीं; शिवाय जिच्यावर जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम उभा असतो ती सी भाषेची मूळ लायब्ररी त्याच वेळीं बदलण्यांत आली. घराचा पाया बदलतांना घरांतील माणसांनीं घर सोडावयाचें नाहीं, असा तो प्रसंग होता.

मार्च १९९९ मध्यें ॲप्ट हें साधन आलें. एक पॅकेज मागितलें कीं त्यास लागणारीं दहा पॅकेजें तें आपण होऊन आणी. वापरणाराचे श्रम पुष्कळच वांचले. परंतु चिठ्ठ्याच परस्परविरोधी असतील तर ॲप्टनें काय करावें? तें फार तर नकार देई, आणि हा नकार पदरीं पडे तो निरपराध वापरणाराच्या.

त्या काळीं नवी आवृत्ति काढण्याची पद्धति अशी होती : सर्व नवें काम ‘अनस्टेबल’ नांवाच्या भांडारांत येऊन पडे. डेबियनच्या आवृत्त्यांस ‘टॉय स्टोरी’ या बोलपटांतील खेळण्यांचीं नांवें आहेत. या कायमच्या अस्थिर भांडारास मात्र त्याच कथेंतील खेळणीं मोडणाऱ्या सिड नांवाच्या पोराचें नांव मिळालें आहे, आणि तें फारच समर्पक आहे. एके दिवशीं हें भांडार गोठवावयाचें, आणि मग महिनेच्या महिने त्यांतील मोडतोड दुरुस्त करीत बसावयाचें. दुरुस्ती होईपर्यंत मूळ प्रोग्राम जुने होत. शिवाय कोणाच्या बदलानें कोणाचें काय मोडलें, हें इतक्या उशिरां शोधणें म्हणजे वर्षाअखेर साऱ्या वर्षाचा जमाखर्च एका बैठकींत जुळविण्यासारखेंच होतें.

डिसेंबर २००० मध्यें यावर उपाय निघाला. अँथनी टाउन्स यानें अनस्टेबल आणि लोकांस द्यावयाची स्टेबल आवृत्ति यांच्यामध्यें ‘टेस्टिंग’ नांवाचें तिसरें दालन उभारलें, आणि त्याच्या दारावर माणूस न बसवितां एक प्रोग्राम बसविला. त्याचें नांव ब्रिटनी. या द्वारपालाचे नियम थोडे आहेत. नव्या पॅकेजनें निकडीच्या मानानें दहा, पांच वा दोन दिवस अनस्टेबलमध्यें काढलेले असावेत. डेबियन ज्या ज्या जातींच्या यंत्रांसाठीं निघतें त्या सर्वांवर तें बांधून झालेलें असावें. नवा गंभीर दोष त्याच्या नांवावर नसावा. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, त्याच्या प्रवेशानें दुसऱ्या कोणाची अडचण होऊं नये. ही शेवटची परीक्षा ब्रिटनी अगदीं सावकारी पद्धतीनें घेते. टेस्टिंगमधील किती पॅकेजें आज बसवितां येत नाहींत हें ती मोजते. मग नवें पॅकेज आंत घेतलें असें समजून पुन्हां मोजते. आंकडा वाढला कीं पाहुणा दाराबाहेर.

ही योजना दिसावयास लहान आहे. पण तिनें न्यायाची बाजूच बदलली. पूर्वीं ज्याचें पाणी बंद पडे त्यानें जिने उतरून तक्रार करावयाची असे. आतां जोडणी बदलणारानेंच दाराशीं थांबून, इतरांचें पाणी चालू आहे हें दाखवावयाचें. आणि हा निर्णय यंत्र देत असल्यामुळें त्यांत रागलोभास जागा उरली नाहीं. एकमेकांस न पाहिलेल्या शेंकडों स्वयंसेवकांच्या संघांत या गोष्टीचें मोल फार मोठें होतें.

तरी यंत्र आलें म्हणून वेळापत्रक सुधारलें, असा समज कोणी करून घेऊं नये. त्यानंतरची ३.० आवृत्ति जुलै २००२ मध्यें आली, आणि ३.१ साठीं लोकांना जून २००५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन वर्षें, वाट पाहावी लागली. विलंबाचीं कारणें अनेक होतीं. त्यांतील एक या दाराशींच होतें. या दोन्ही आवृत्त्या अकरा जातींच्या यंत्रांसाठीं होत्या. सर्वांत संथ यंत्रावर पॅकेज बांधून होईपर्यंत बाकीच्या दहांनीं ताटकळावें, हा नियमाचा सरळ परिणाम होता. दुसरी अडचण गांठींची. एखाद्या लायब्ररीची घडण बदलली म्हणजे तिजवर अवलंबून असलेलीं सारीं पॅकेजें नव्यानें बांधून एकाच क्षणीं आंत न्यावीं लागतात. एकटें कोणतेंही गेलें तरी आंकडा वाढतो आणि ब्रिटनी त्यास परत पाठविते. पन्नासांतील एक रोगी असला तर एकुणपन्नास निरोगी त्याच्यासाठीं खोळंबतात. अशा वेळीं कोणाकोणास एकत्र सोडून पाहावें याच्या सूचना माणसांनीं लिहून द्याव्या लागत.

हें कोडें केवळ डेबियनच्या लोकांनाच अवघड वाटे असें नव्हे. २००४ ते २००७ या काळांत युरोपीय संघाच्या साहाय्यानें चाललेल्या ‘एडोस’ या प्रकल्पांत रोबेर्तो दि कॉस्मो प्रभृति संशोधकांनीं तें गणिताच्या भाषेंत मांडलें. एक पॅकेज बसवितां येईल कीं नाहीं हें ठरविणें, ज्यांस सर्व प्रसंगीं लागू पडणारी जलद रीत आजवर कोणास सांपडलेली नाहीं अशा प्रश्नांच्या वर्गांत मोडतें, असें त्यांनीं सिद्ध केलें. ‘हें किंवा तें चालेल’ आणि ‘अमुक असेल तर मी नाहीं’, या दोन प्रकारच्या अटी एकत्र आल्या कीं गुंता वाढत जातो. सुदैवानें प्रत्यक्षांतील चिठ्ठ्या इतक्या दुष्ट नसतात, आणि त्याच संशोधकांनीं केलेलीं साधनें सबंध भांडार थोडक्या वेळांत तपासूं लागलीं.

पण चिठ्ठी जुळली म्हणजे संसार जुळला असें होत नाहीं. पत्रिका पाहून लग्नें ठरविणाऱ्या समाजास हें निराळें सांगावयास नको. २००५ मध्यें लार्स विर्झेनियस यानें ‘पियुपार्ट्स’ हें साधन केलें. तें कोऱ्या यंत्रणेंत पॅकेज प्रत्यक्ष बसवितें, त्याची नवी आवृत्ति चढवितें, शेवटीं तें काढून टाकतें, आणि जातांना त्यानें मागें काय कचरा ठेवला तेंही पाहतें. त्यापुढील पाऊल इयन जॅक्सननें उबुंटु या डेबियनच्या शाखेसाठीं २००६ मध्यें टाकलें. ‘ऑटोपीकेजीटेस्ट’ या त्याच्या साधनांत पॅकेजसोबतच त्याची परीक्षाही बांधलेली असते. पॅकेज बसवून त्याच्याकडून ठराविक काम करून घ्यावयाचें, आणि तें नीट झालें कीं नाहीं तें पाहावयाचें.

यांतील खरी खुबी अशी कीं, पॅकेज बदललें म्हणजे त्याची एकट्याची परीक्षा घेऊन यंत्र थांबत नाहीं. त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्याही परीक्षा घेतल्या जातात. २०१४ पासून डेबियनमध्यें हें काम अहोरात्र चालूं लागलें, आणि २०१८ मध्यें त्या निकालांचा संबंध ब्रिटनीच्या दाराशीं जोडण्यांत आला. परीक्षा उतरली तर प्रतीक्षेंत सूट, दुसऱ्याची परीक्षा बिघडविली तर आरंभीं विलंब आणि कालांतरानें प्रवेशबंदी. येथें एक न्याय्य विवेक पाळला जातो तो सांगण्याजोगा आहे. जी परीक्षा बदलाच्या आधींही नापास होती तिचा दोष नव्या पॅकेजच्या माथीं मारला जात नाहीं; आधींच्या आणि नंतरच्या निकालांची तुलना करूनच ठपका ठेवला जातो. तरीही वाद राहिलेच. लायब्ररीनें आपली चूक सुधारली आणि त्या चुकीवरच विसंबून असलेला प्रोग्राम मोडला, तर अपराधी कोण? येवढें सांगण्याची शक्ति यंत्रांत नाहीं. तें दार अडवून उभें राहतें, आणि दोन माणसांना एकमेकांशीं बोलावें लागतें.

२०२४ च्या पूर्वार्धांत या साऱ्या व्यवस्थेवर दोन प्रसंग लागोपाठ आले. पहिला होता कालगणनेचा. १९७० पासूनचे सेकंद बत्तीस बिटांत मोजणाऱ्या यंत्रांचें घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजीं भरून जाणार, म्हणून त्या संख्येचें घर दुप्पट मोठें करावयाचें होतें. लायब्रऱ्यांच्या घडणींतच हा बदल असल्यामुळें शेंकडों पॅकेजांचीं नांवें पालटून तीं सर्व एकदम हलवावीं लागलीं. गोंधळ झाला, महिने गेले; पण कोठें काय अडलें आहे याची यादी यंत्र रोज देत होतें, आणि काम तडीस गेलें.

दुसरा प्रसंग निराळ्याच जातीचा होता. एक्सझेड हें माहिती दाबून लहान करणारें एक साधें साधन आहे. लास्से कॉलिन हा एकटा गृहस्थ तें अनेक वर्षें विनावेतन सांभाळीत असे. जिया टॅन या नांवानें वावरणाऱ्या कोणीएकानें दोन वर्षांहून अधिक काळ निमूटपणें मदत करून त्याचा विश्वास संपादिला, आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसविला. दूरच्या संगणकांत शिरण्यासाठीं जगभर वापरला जाणारा एसएसएच हा प्रोग्राम मुळांत एक्सझेडवर अवलंबून नाहीं. परंतु डेबियनसारख्या वितरणांनीं त्यास सिस्टिमडी या व्यवस्थापकाशीं जोडलें होतें, सिस्टिमडीची लायब्ररी एक्सझेडच्या लायब्ररीवर विसंबून होती, आणि त्या लांबच्या नात्यानें चोराला दाराची किल्ली मिळाली. घातक भाग दडविला होता तो परीक्षेसाठीं ठेवलेल्या नमुन्याच्या फायलींत! चांचणीचें साहित्य कोण उघडून पाहणार, हा त्या मनुष्याचा हिशेब अगदीं बरोबर ठरला. पॅकेज अनस्टेबलमध्यें आलें, आणि तेथून रीतसर टेस्टिंगमध्यें गेलें. त्यानें कोणाची अडचण केली नव्हती; ब्रिटनीच्या आंकड्यांत तें निर्दोष होतें.

तें पकडलें आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानें. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या वेगाचीं मोजमापें घेत असतां, आपल्या डेबियन यंत्रावर एसएसएचनें आंत शिरावयास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, हें त्याच्या ध्यानीं आलें. दुसऱ्या कोणीं तें सोडून दिलें असतें. त्यानें धागा धरून मुळापर्यंत जाऊन २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार जाहीर केला. स्टेबल आवृत्तीपर्यंत तें विष पोहोंचलें नव्हतें. डेबियननें तत्काळ जुनी ५.४.५ परत आणली. पण पॅकेजचा क्रमांक मागें जाऊं शकत नसल्यामुळें नव्या चिठ्ठीवर ‘५.६.१, खरोखर ५.४.५’ अशा अर्थाचा विचित्र क्रमांक घालावा लागला. कॉलिननें आपल्या प्रोग्राममधील त्या मनुष्याचें काम तपासलें, नमुन्यांच्या विषारी फायली काढून टाकल्या, आणि मे २०२४ मध्यें ५.६.२ ही आवृत्ति प्रसिद्ध केली. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं डेबियन १३ बाहेर पडलें तेव्हां त्यांतील पॅकेजांची संख्या ६९,८३० होती. एक्सझेड त्यांत आहेच.