सैनिक आणि अध्यापक : पॉल फसेल

शस्त्र आणि शास्त्र ही जोडी मराठी कानांना नवीन नाही. द्रोणाचार्य आणि परशुराम यांच्या ठायी या दोहोंचा संगम झालेला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु पुराणांतील या आचार्यांनी शिष्यांस शिकविली ती शस्त्रविद्याच. रणांगणावरून परतलेल्या तरुणाने शस्त्र कायमचे खाली ठेवावे, छंदःशास्त्राचा अध्यापक व्हावे, आणि कवितेच्या अभ्यासाने तयार झालेल्या कानाने पुढे तीस वर्षांनी युद्धाची भाषा तपासावयास बसावे, हे उदाहरण मात्र विरळाच. अमेरिकेतील इंग्रजी वाङ्मयाचे प्राध्यापक पॉल फसेल यांचे चरित्र हे अशा उदाहरणांपैकी एक होय.

फसेल यांचा जन्म २२ मार्च १९२४ रोजी कॅलिफोर्निया प्रांतातील पासाडेना या गावी झाला. वडील लॉस एंजेलिस शहरातील नामांकित वकील होते. घरात कशाची वाण नव्हती. पोमोना कॉलेजात शिकत असताना इतर अनेक विद्यार्थ्यांप्रमाणे या मुलानेही लष्करी शिक्षणाच्या वर्गात नाव घातले; आणि १९४३ साली त्याला प्रत्यक्ष सैन्यात जावे लागले. जॉर्जिया प्रांतातील फोर्ट बेनिंग येथे अधिकाऱ्याचे शिक्षण घेऊन तो सेकंड लेफ्टनंट झाला, आणि १०३ व्या पायदळ डिव्हिजनच्या ४१० व्या रेजिमेंटमधील एफ कंपनीत एका तुकडीचे नेतृत्व त्याच्याकडे आले. सुमारे चाळीस माणसांचे जीवित हाती घेतलेला हा अधिकारी त्या वेळी वीस वर्षांचा होता.

१९४४ च्या ऑक्टोबरमध्ये ही डिव्हिजन फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मार्सेय बंदरात उतरली. तेथून तिला उत्तरेकडे व्होज पर्वताच्या दाट अरण्यात पाठविण्यात आले. नोव्हेंबरमधील एका रात्री फसेल यांची कंपनी काळोखात चाचपडत आघाडीवर पोहोचली आणि थकून जेथल्या तेथे झोपी गेली. पहाटे फटफटले तेव्हा दिसले की, आपण रात्रभर जर्मन सैनिकांच्या प्रेतांमध्ये निजलो होतो. त्या मृतांत कोवळी पोरेही होती. चित्रपटांतून आणि वर्तमानपत्रांतून जे युद्ध या तरुणाला ठाऊक होते त्यात हे दृश्य कोठेच नव्हते. पुढे आयुष्यभर फसेल यांनी त्या पहाटेचे वर्णन पुनःपुन्हा केले. त्यांच्या बाळपणाचा शेवट तेथे झाला असे म्हणावयास हरकत नाही.

हिवाळा चिखलात आणि बर्फात गेला. १५ मार्च १९४५ रोजी आल्सास प्रदेशात त्यांची कंपनी चढाई करीत असताना तोफेचा एक गोळा जवळच फुटला. फसेल यांच्या पाठीत आणि पायात लोखंडाचे तुकडे घुसले. त्यांच्या शेजारी असलेला तुकडीचा सार्जंट, एडवर्ड कीथ हडसन, जागीच ठार झाला. दोघांमधील अंतर हाताच्या टप्प्यातले होते. एक वाचला, एक गेला. या निवडीत शौर्याचा, पुण्याचा वा बुद्धीचा काही संबंध नव्हता.

इस्पितळातून उठल्यावर जपानवरील स्वारीसाठी त्यांचे नाव पुन्हा पलटणीत घालण्यात आले होते. परंतु ऑगस्ट १९४५ मध्ये युद्धच संपले. १९४७ साली त्यांनी पोमोना येथे पदवी घेतली आणि पुढील अध्ययनासाठी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. तो काळ अमेरिकेच्या शिक्षणाच्या इतिहासात अपूर्व होता. १९४४ च्या एका कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला होता, आणि सुमारे २२ लाख माजी सैनिक त्या कायद्याच्या आधारे कॉलेजांत दाखल झाले. कालपर्यंत बंदूक धरणारे हात वर्गांत वह्या उघडून बसले होते. त्या पिढीतून अनेक अध्यापक निपजले. फसेल हे त्यांपैकी एक. १९५२ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. कनेक्टिकट कॉलेजात काही वर्षे शिकविल्यावर १९५५ पासून १९८३ पर्यंत रटगर्स विद्यापीठात, आणि त्यानंतर १९९४ पर्यंत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले.

या अध्यापकाने आरंभी अभ्यासाला विषय निवडला तो इंग्लंडातील अठराव्या शतकाचे छंदःशास्त्र. कवितेच्या ओळीत आघात कोठे पडतो, यति कोठे येते, नियम मोडला असता अर्थ कसा बदलतो, याची चर्चा त्यांच्या पहिल्या ग्रंथांत आहे. पुढे डॉक्टर जॉन्सन यांच्या लेखनव्यवसायावर त्यांनी १९७१ साली पुस्तक लिहिले. जवळजवळ पाव शतकात त्यांच्या एकाही ग्रंथाचा विषय युद्ध हा नव्हता. ज्याने अव्यवस्थेचा कळस पाहिला त्याने मापात बसलेल्या, तर्कशुद्ध अशा काव्याचा आश्रय घ्यावा, यात नवल नाही. मात्र या अभ्यासाने त्यांच्या हाती एक साधन दिले. शब्द खरा वाजतो की खोटा, हे ओळखण्याचा कान त्यांना लाभला.

१९६० नंतरच्या दशकात व्हिएटनामचे युद्ध पेटले. शत्रूची प्रेते किती पडली याचे आकडे सरकार जाहीर करीत असे, आणि लोक ते बाजारभावाप्रमाणे वाचीत. ज्याने तशी प्रेते जवळून पाहिली होती त्या प्राध्यापकाला हे आकडे सोसवेनात. तथापि त्यांनी तडक स्वतःच्या युद्धाची कहाणी लिहिली नाही. ते तीस वर्षे आणखी मागे, १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाकडे वळले. लंडनच्या इंपिरियल वॉर म्युझियममध्ये जाऊन त्यांनी सामान्य शिपायांची पत्रे आणि रोजनिश्या वाचल्या, आणि त्यांच्या शेजारी ससून, ग्रेव्ह्ज, ब्लंडन, ओवेन या सैनिक-लेखकांचे वाङ्मय ठेवले. या अभ्यासातून १९७५ साली ‘द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ग्रंथाचा सिद्धांत थोडक्यात सांगता येईल. प्रत्येक युद्ध अपेक्षेहून भयंकर ठरते, म्हणून प्रत्येक युद्धाच्या पोटी विपरीतता असते. १ जुलै १९१६ रोजी सॉम नदीकाठी ब्रिटिश सैन्य चालून गेले, तेव्हा आठवडाभराच्या तोफांच्या माऱ्याने शत्रू नेस्तनाबूत झाला आहे अशी सर्वांची खात्री होती. कॅप्टन नेव्हिल या अधिकाऱ्याने आपल्या शिपायांना लाथाडीत पुढे नेण्यासाठी फुटबॉल दिले होते. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे सत्तावन्न हजारांहून अधिक सैनिक जायबंदी वा गतप्राण झाले. त्यांपैकी एकोणीस हजारांहून अधिक मृत्यू पावले. कॅप्टन नेव्हिल त्यांतच होता. आशा आणि परिणाम यांच्यातील या दरीतून आधुनिक माणसाचा उपरोधाचा सूर जन्मास आला, आणि पुढची पिढी प्रत्येक घटनेकडे त्याच नजरेने पाहू लागली, असे फसेल यांचे प्रतिपादन आहे.

परंतु ग्रंथाचे खरे बळ त्यातील भाषेच्या चिकित्सेत आहे. शिपायांना घरी धाडण्यासाठी सरकारने एक छापील कार्ड दिले होते. खुशाल आहे, इस्पितळात आहे, पत्र पोहोचले, अशी वाक्ये त्यावर आधीच छापलेली असत. नको ती खोडावयाची आणि खाली सही करावयाची. याहून एक शब्द अधिक लिहिला तर कार्ड नष्ट केले जाई. पाय तुटला, मित्र गेला, भय वाटते, हे सांगावयास त्या कार्डावर जागाच नव्हती. दुसरीकडे घरी बसलेल्यांची भाषा उंच चढलेली होती. तीत घोड्याला साधा घोडा म्हणत नसत, शत्रूला साधा शत्रू म्हणत नसत, आणि मेलेला माणूस कधी मेलेला नसे. एकीकडे मुकी भाषा आणि दुसरीकडे अलंकारिक भाषा, यांच्यामध्ये शिपायाचे सत्य हरवले, हे फसेल यांनी दाखवून दिले.

मराठी वाचकाला हे समजावयास परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या भाषेतही लढाईत माणूस मरत नाही. तो धारातीर्थी पडतो, वीरगतीस जातो. बखरीत तो ‘कामास येतो’. पानिपतच्या १७६१ च्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली, असे परंपरा सांगते. त्या पत्रात विश्वासराव आणि भाऊसाहेब यांना मोत्यांची उपमा होती, सरदारांना मोहरांची, आणि उरलेल्या असंख्य शिपायांना खुर्द्याची. त्या खुर्द्याची मोजदाद करणे अशक्य असल्याचे त्यात कळविले होते. त्या उपमांतील कारुण्य पिढ्यान्‌पिढ्या मराठी मनाला भिडले आहे. परंतु त्याच उपमांतून हेही उघड होते की, मोती आणि मोहरा नावानिशी आठवल्या जातात. खुर्दा मात्र बेरजेतही येत नाही.

फसेल यांच्या ग्रंथाचे अर्पणपत्र या ठिकाणी ध्यानात घेतले पाहिजे. १९१४ च्या युद्धावरील हे पुस्तक त्यांनी १९४५ साली मेलेल्या टेक्निकल सार्जंट एडवर्ड कीथ हडसन याच्या स्मृतीस वाहिले आहे. तेथे हडसनचे पूर्ण नाव आहे, त्याचा लष्करातील क्रमांक आहे, कंपनी आणि रेजिमेंट आहे, मृत्यूचा देश व तारीख आहे, आणि तो लेखकाच्या शेजारी ठार झाला एवढी नोंद आहे. एकही विशेषण नाही. युद्धाच्या भाषेवर तीनशेहून अधिक पृष्ठे लिहिणाऱ्या पंडिताने मित्रासाठी कोरड्या दप्तरी शब्दांचाच आधार घेतला. कारण ते शब्द खोटे नव्हते.

ग्रंथाला अमेरिकेतील नॅशनल बुक अवॉर्ड आणि समीक्षकांचे राष्ट्रीय पारितोषिक असे दोन्ही मान मिळाले. त्यावर आक्षेपही आले, आणि ते वजनदार आहेत. फसेल यांनी मुख्यतः पश्चिम आघाडी पाहिली, आणि तीही सुशिक्षित इंग्रज अधिकाऱ्यांच्या डोळ्यांनी, असे इतिहासकारांनी म्हटले. हिंदी सैनिक १९१४ च्या शरद ऋतूपासून फ्रान्समध्ये लढत होते. मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुट पडल्यावर त्यांतील शिपायांच्या वाट्याला बंदिवास आला. ज्या रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावात आहे तिचे हे पूर्वज. त्यांची स्मृती या ग्रंथाच्या कक्षेत जवळजवळ येत नाही. खुर्द्याची गणती करू पाहणाऱ्या पुस्तकातही कित्येक नाणी राहून गेली.

फसेल यांचा दुसरा वाद अधिक कडवट ठरला. १९८१ साली एका लेखात त्यांनी जपानवरील अणुबाँबचे समर्थन केले. त्या बाँबमुळे आपल्यासारख्या पायदळाच्या शिपायांचे प्राण वाचले, आणि ज्यांना मरावयास जावयाचे नव्हते त्यांनी नीतीचे पाठ देऊ नयेत, असा त्यांचा रोख होता. तत्त्वचिंतक मायकेल वॉल्झर यांनी त्याला उत्तर दिले की, शिपायाचा जीव वाचविण्यासाठी निःशस्त्र नागरिकांचा जीव घेणे हे युद्धातही समर्थनीय नाही. हिरोशिमाची मुलेही कोणाच्या तरी शेजारीच मेली होती. अनुभव माणसाला डोळस करतो, तसा तो कधी कधी एका दिशेला खिळवूनही ठेवतो. फसेल यांच्या चरित्रातील ही उणीव झाकून चालणार नाही.

१९८९ साली ‘वॉरटाइम’ या ग्रंथात ते अखेर स्वतःच्या महायुद्धाकडे आले. ‘चांगले युद्ध’ म्हणून गौरविलेल्या त्या लढ्यातील अफवा, क्षुद्र जाच, चुका आणि भीती यांचे त्यांनी वर्णन केले. ते युद्ध लढावयास नको होते असे त्यांनी म्हटले नाही. ते गोड करून सांगू नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. १९९६ साली आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, आणि २००३ साली युरोपात लढलेल्या पोरसवदा अमेरिकन शिपायांवरील छोटे पुस्तक आले. २३ मे २०१२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, ऑरेगन प्रांतातील मेडफर्ड येथे त्यांचे निधन झाले.

वाङ्मयाचा अध्यापक समाजाच्या काय उपयोगी पडतो, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. त्याचे एक उत्तर या चरित्रात आहे. राष्ट्रे युद्धे करतात तेव्हा प्रथम शब्द सज्ज करतात, आणि युद्ध संपल्यावर शब्दांनीच त्याच्यावर पांघरूण घालतात. ते पांघरूण उचलून पाहावयास शब्दांची पारख असलेला माणूस लागतो. फसेल यांच्याजवळ ती पारख ग्रंथालयातून आली होती, आणि ते उचलून पाहण्याची निकड आल्सासमधील मार्च महिन्याच्या त्या एका दिवसातून.