सुपुत्र कुणाचा?

गाव जितकं लहान, तितकी त्याच्या सुपुत्रांची यादी पाठ असते. मुंबईला कुणाकुणाची आठवण ठेवायची हाच प्रश्न. लहान गावाला मात्र एकही माणूस वाया घालवणं परवडत नाही. आमच्या गावचा एक जण तालुक्याच्या कचेरीत हेडक्लार्क झाला, तर त्या बढतीवर गावचा पार दहा वर्षं जगला. हे सगळं फक्त आपल्याकडेच चालतं अशी माझी ठाम समजूत होती. ती अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात, पाइनच्या जंगलातून जाणाऱ्या एका रस्त्यावर गळून पडली.

मुलीकडे लिटल रॉकला गेलो होतो. एका रविवारी जावईबापू म्हणाले, “बाबा, तुम्हाला इतिहासाची आवड. चला, आज ऐतिहासिक भाग दाखवतो.” मी आपला एखादा किल्ला डोळ्यांपुढे आणून बूट घातले. दीड तास गाडी चालली तरी दोन्ही बाजूंना पाइन, आणि समोरून कापलेल्या पाइनचे ओंडके वाहणारे ट्रक. शेवटी मी विचारलं, “किल्ला कुठाय?” जावई म्हणाले, “किल्ला नाही. इथे फुटबॉलवाले जन्मतात.”

आम्ही क्लीव्हलंड काउंटीत शिरलो होतो. काउंटी म्हणजे आपल्याकडचा तालुकाच समजा. फक्त माणसं कमी. २०२० च्या शिरगणतीत या अख्ख्या काउंटीत ७,५५० डोकी भरली. आपल्याकडे एखाद्या पुढाऱ्याच्या मुलाच्या लग्नात याहून जास्त पानं उठतात.

पण इतिहास आहे हं! १८७३ साली ही काउंटी जन्मली, तेव्हा तिचं नाव डॉर्सी ठेवलं होतं. डॉर्सी हे तिथले सेनेटर. पुढे टपालाच्या ठेक्यांच्या भानगडीत त्यांचं नाव आलं. कोर्टातून सुटले, पण लोकांच्या मनातून उतरले. मग १८८५ साली, नुकतेच अध्यक्ष झालेल्या ग्रोव्हर क्लीव्हलंडचं नाव देऊन काउंटीने हात धुऊन घेतले. आपल्याकडे रस्त्याचं नाव बदलायला दोन मोर्चे लागतात. इथे बाराव्या वर्षी बारसंच दुसऱ्यांदा केलं.

त्याआधी, म्हणजे यादवी युद्धात, इथल्या मार्क्स मिल्स या ठिकाणी २५ एप्रिल १८६४ रोजी लढाई झाली. दक्षिणेच्या फौजेने उत्तरेच्या रसदीवर छापा घालून दोनशेहून अधिक गाड्या पळवल्या. त्या गाड्यांबरोबर स्वातंत्र्याच्या आशेने निघालेले काळे लोकही होते. त्यांतले कित्येक तिथेच मारले गेले. लढाईचा इतिहास सांगताना गाड्यांची मोजदाद आधी होते आणि माणसांची नंतर, ही रीत सगळीकडे सारखीच.

पुढे किंग्जलंड लागलं. सुप्रसिद्ध गायक जॉनी कॅश १९३२ साली इथे जन्मला. तीन वर्षांचा असताना त्याचं बिऱ्हाड राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डायेसला गेलं. म्हणजे तो गायला शिकायच्या आतच गेला. पण पहिलं रडणं तर इथलंच ना! सुपुत्र ठरायला तेवढा पुरावा पुरतो.

आणि मग मोरो बॉटम. मोरो म्हटल्यावर मला एकदम मोरोपंत आठवले; पण इथला मोरो हा ओढा, आणि बॉटम म्हणजे त्याच्याकाठची खोलगट जमीन. ११ सप्टेंबर १९१३ रोजी इथल्या एका गरीब शेतकऱ्याच्या घरी बारा भावंडांतला अकरावा मुलगा जन्मला. नाव पॉल ब्रायंट. बापाची प्रकृती तोळामासा. त्यामुळे आई, आयडाबाई, खेचरं जुंपून भाजीपाल्याची गाडी शेजारच्या फोर्डाइस गावाला विकायला न्यायची. पॉल बरोबर असायचा. गाडी शाळेवरून जायची तेव्हा गावातली पोरं या खेडवळ मायलेकांना हसायची. ती पोरं हसली हे ब्रायंट जन्मभर विसरला नाही. मोठेपणी स्वतःच सांगायचा.

फोर्डाइस आहे दुसऱ्याच काउंटीत. तिचं नाव डॅलस. इथेच खरा घोळ आहे. मुलगा जन्मला क्लीव्हलंडात, शिकला आणि खेळला डॅलसात. सुपुत्र कुणाचा? एक म्हणते पाळणा आमचा, दुसरी म्हणते पाटी आमची. आपल्याकडे असा तंटा पंचायत समितीपर्यंत गेला असता.

फोर्डाइसची पुराव्याची बाजू जरा भक्कम आहे. तेरा-चौदा वर्षांचा पॉल अंगाने दांडगा. गावातल्या थिएटरात एक जण अस्वल घेऊन आला आणि म्हणाला, जो याच्याशी कुस्ती खेळेल त्याला मिनिटाला एक डॉलर. पॉल उतरला. त्याने अस्वलाला आवळून धरलं. मधेच अस्वलाच्या तोंडावरची मुसकी सुटली, ते कानाला चावलं आणि पैलवानाने स्टेजवरून खाली उडी मारली. मिनिटांचे पैसे मागायला गेला तर अस्वलवाला पसार! डॉलर बुडाले, पण ‘बेअर’, म्हणजे अस्वल, हे नाव कायमचं चिकटलं. आपल्याकडे एखाद्याला वाघ म्हणायला त्याने वाघ पाहिलेलाही चालतो. इथे रीतसर कान फाडून घ्यावा लागला.

राज्यातला पहिला शाळकरी फुटबॉल संघ १९०४ साली आपल्याकडेच उभा राहिला, असं फोर्डाइस अभिमानाने सांगतं. संघाचं नाव रेडबग्ज. हा गवतातला डोळ्यांना जेमतेम दिसणारा लाल किडा. चावला की आठवडाभर खाजवत बसायचं. मैदान साफ करताना तो पोरांना इतका चावला म्हणे, की संघाने त्याचंच नाव घेतलं. नाव घ्यावं तर ज्याने छळलं त्याचं! आपल्या क्लबांची नावं सिंहाखाली उतरत नाहीत.

हा अमेरिकन फुटबॉल म्हणजे कबड्डी, कुस्ती आणि एस.टी.त चढणं या तिन्हींचा संगम. चेंडू सोललेल्या नारळासारखा आणि बहुतेक वेळ हातातच. पायाचा उपयोग मुख्यतः पळायला आणि मोडून घ्यायला. ब्रायंट शाळेकडून खेळला, १९३० साली संघाने राज्य जिंकलं, आणि मग तो अलाबामा विद्यापीठात गेला. संघाच्या एका टोकाला डॉन हटसन. हा शेजारच्याच जेफरसन काउंटीतला, पाइन ब्लफचा. दुसऱ्या टोकाला ब्रायंट. या जागेला ‘एंड’ म्हणतात. हटसन इतका नामी, की ब्रायंट स्वतःची ओळख ‘दुसरा एंड’ अशी करून द्यायचा. १ जानेवारी १९३५ ला रोझ बोलच्या सामन्यात अलाबामाने स्टॅनफर्डला २९–१३ असं हरवलं. त्याच वर्षी टेनेसीविरुद्ध हा गडी मोडका पाय घेऊन खेळला. आम्ही शाळेत असताना पायात काटा मोडला तर तीन दिवस रजा घ्यायचो.

पुढे तो प्रशिक्षक झाला. मेरिलंड, केंटकी, टेक्सस ए अँड एम करत १९५८ साली अलाबामाला परतला आणि १९८२ पर्यंत तिथेच राहिला. एकंदर ३२३ विजय. शेवटचा सामना २९ डिसेंबर १९८२ ला. त्यानंतर चार आठवड्यांत, २६ जानेवारी १९८३ ला, गेलाच. काही माणसांची पेन्शन ही अशी महिन्याच्या आत संपते.

आता एक गोष्ट, जी सुपुत्रांच्या यादीत लिहायची राहून जाते. या मातीत पांढरी पोरं वाढत होती तशीच काळीही वाढत होती. त्यांनाही गवतातला किडा तसाच चावत होता. तो कातडीचा रंग बघून चावत नाही. पण अलाबामाच्या मुख्य संघातून सामन्यात पहिला काळा खेळाडू उतरला तो १९७१ साली. तोवर दार बंद. म्हणजे यादीत कोण आहे हा इतिहास, तसा कोण असायला हवा होता हाही इतिहासच. बऱ्याच उशिराने फोर्डाइसचाच केव्हिन विल्यम्स हा काळा मुलगा ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि २००३ साली व्यावसायिक संघांच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचलला गेला. गंमत म्हणजे त्याला घेणाऱ्या मिनेसोटाच्या संघाची पाळी सातवी होती. घोळात वेळ टळली, दोन संघ पुढे घुसले आणि नववा नंबर लागला. रेल्वेच्या खिडकीपाशी उभं राहिलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. तरी त्यांनी माणूस बरोबर उचलला. पुढे तो सहा वेळा देशातल्या निवडक खेळाडूंत गेला.

परतताना माझ्या डोक्यात मात्र ती भाजीची गाडीच घुटमळत होती. मी पुण्यात वसतिगृहात होतो, तेव्हा आई एकदा एस.टी.ने भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं घेऊन आली होती. खोलीतल्या मित्राने विचारलं, “कोण रे?” मी म्हणालो, “गावाकडच्या आहेत.” खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. आईने ऐकलं, आणि शेंगा मात्र त्या मित्रालाच आधी दिल्या.

जावई म्हणाले, “बाबा, ब्रायंटची एक जाहिरात फार गाजली. टेलिफोन कंपनीची. आज आईला फोन केलात का, एवढंच विचारायचं होतं. त्याने आपल्या मनाचं एक वाक्य जोडलं. माझ्या आईला करता आला असता तर फार बरं झालं असतं, अशा अर्थाचं.”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो. पाइन, पाइन आणि पाइन. दोन काउंट्या भांडोत बापड्या. सुपुत्र गाडी हाकणारीचा, एवढं माझ्यापुरतं ठरलं.

“जावईबापू,” मी म्हटलं, “गाडी बाजूला घ्या आणि तुमच्या आईंना फोन लावा.”

“आत्ता? तिकडे पहाटेचे अडीच वाजलेत, बाबा!”

“असू द्या. आई आहे ना? उचलेल.”